पहिल्या धारेचं तेल

परत आलेलं पिंप गेलेल्या पिंपापेक्षा नेहमीच जड लागतं. तेल तेवढंच असतं, पत्राही तोच असतो. पण नेताना हातांत उमेद असते आणि आणताना नुसता राग. कंपनीच्या माल उतरवायच्या अंगणात ती एकटीच त्या पिंपाशी झटत होती. बारीक पावसाने गाडीची फळी निसरडी झाली होती, पिंप अर्ध्यावर जाऊन पुन्हा खाली येत होतं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"डावीकडून धरा," मागून कुणीतरी म्हणालं. "मी उजवीकडून लावतो जोर."

तिने मान वळवून पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अंगणातले हमाल बसून असताना दुसऱ्या कुणाला मदत सुचली, याचंच तिला नवल वाटलं. दोघांनी मिळून पिंप गाडीत चढवलं.

"दुसऱ्यांदा परत पाठवलं," ती धापा टाकत म्हणाली. "दुसऱ्यांदा! तो वरचा रिपोर्टवाला आहे ना... त्याला रोझमेरीचं झुडूप आणि झाडू यांतला फरक तरी कळतो का? एसीत बसायचं, पांढऱ्यावर काळं करायचं, आणि माणसाचं नाव मातीत घालायचं! माझ्या समोर आला ना, तर याच पिंपात बुडवून काढीन."

"बुडेल?" त्याने पिंपाकडे बघत गंभीरपणे विचारलं. "खांदे अडतील त्याचे."

"ढकलीन मी."

"हं..." तो चष्मा पुसायला लागला. "मग आत्ताच ढकला. पुन्हा इतक्या जवळ सापडेन असं नाही."

एका बाजूला बसलेले हमाल खो-खो हसले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुसरी कुणी असती तर लाजली असती. तिला आणखी राग आला.

तिची आत्या तिला लहानपणापासून 'ठिणगी' म्हणायची, आणि आता अख्खं गाव म्हणायचं. वडील गेल्यापासून डोंगरउतारावरची रोझमेरी आणि तेल काढायची भट्टी ती आणि आत्या, दोघीच चालवत होत्या. कंपनीच्या मान्य पुरवठादारांच्या यादीत भट्टीचं नाव वडिलांनी मिळवलं होतं. नियम असा, की लागोपाठ तीन पिंपं नापास झाली की नाव यादीतून गेलं, ते कायमचं. दोन झाली होती. तिसऱ्या पिंपात वडिलांची सगळी हयात होती.

"चला वर," ती म्हणाली. "दाखवा काय खोट आहे ती."

वरच्या प्रयोगशाळेत दोन टेबलं होती. एक त्याचं. दुसऱ्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई कसलंसं तेल थेंबाथेंबाने तोलत होत्या. त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे आणि कंपनीचे साहेबसुद्धा त्यांच्या टेबलाजवळून चवड्यांवर चालायचे.

त्याने एक लांबलचक कागद उलगडला. "ही शिखरं बघा. प्रत्येक शिखर म्हणजे तेलातला एक घटक."

"मी डोंगरावर राहते. शिखरं मला दाखवू नका."

"बरं, दऱ्या दाखवतो." त्याने बोट ठेवलं. "पाल्यातून वाफ गेली की हलके अंश आधी निघतात. ते टवटवीत, नाकात शिरणारे. जड अंश मागून येतात. तुमच्या तेलात मागचे सगळे हजर आहेत आणि पुढचे निम्मेच. हे पायनीन, हे सिनिओल... बसलेत बघा खाली. दुधावरची साय कुणी काढून घेतली की जसं दूध उरतं, तसं झालंय हे."

"म्हणजे मी चोर?"

"मी 'कुणी' म्हणालो."

"माझ्या भट्टीत 'कुणी' राहत नाही! मी राहते आणि माझी आत्या राहते!"

"भांडण हळू करा," मोठ्या बाई वर न बघता म्हणाल्या. "माझा तराजू हलतोय."

त्याने आवाज खाली आणला. "साय काढलीच असेल असंही नाही. पन्नास कारणं असतात हो. फुलोरा जास्त झाला, भर दुपारी कापणी झाली, पाला ढिगात पडून तापला, पिंपाचं झाकण सैल राहिलं. इथे बसून नाही कळत. मला येऊन बघू द्या. माझ्या सुट्टीच्या दिवशी."

"या ना! खुशाल या!" ती आता हळू बोलूच शकत नव्हती. "आणि खोट माझ्या भट्टीत निघाली, तर वडिलांनी रंगवलेली पाटी मी माझ्या हातांनी उतरवीन आणि खालच्या अंगणात सगळ्यांसमोर तुमची माफी मागीन. नाही निघाली तर तुम्ही मागायची. कबूल?"

"कबूल." तो जरासा हसला. "मोठ्याने मागायची, की...?"

"हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मोठ्या बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

*

सुट्टीच्या दिवशी तो ऊन पडायच्या आत हजर. खांद्याला पिशवी, पिशवीत तापमापक, भिंग, वही, आणि पायांत शहरी गुळगुळीत बूट. बूट बघूनच तिला बरं वाटलं. घसरेल मेला, ती मनाशी म्हणाली.

त्याने एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली, आणि तिने एकेक उत्तर फेकून मारायला.

"झुडपं किती वर्षांची?"

"वरची बारा, खालची पाच. सगळी एकाच झुडपाच्या फांद्यांपासून लावलेली. वडिलांनी लावली. एका आईची लेकरं आहेत, तेव्हा जात वेगळी निघाली असं म्हणू नका."

"नाही म्हणत. फुलोरा?"

"मोजा ना. भिंग कशाला आणलंय?"

त्याने खरंच मोजला. एका ओळीत वाकून, गुडघ्यावर बसून, फांद्या हलक्या हाताने बाजूला करत. तिची झुडपं अशी कुणी हाताळलेली तिने वडिलांनंतर पाहिली नव्हती. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"कापणी कधी करता?"

"दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत. ओला पाला भट्टीत घालत नाही, आणि दुपारच्या उन्हात हलका वास निम्मा उडून जातो. हे कळायला मला यंत्र लागत नाही. नाक पुरतं."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

"काय लिहिताय?"

"तुमचं वाक्य."

"कशाला?"

"चांगलं आहे म्हणून..." तो वहीत बघूनच म्हणाला. "प्रयोगशाळेत असं कुणी बोलत नाही."

 ती तरातरा पुढे निघाली. त्याने पाल्याच्या ढिगात तापमापक खुपसला, पिंपांची झाकणं फिरवून पाहिली, थंड नळीतून येणाऱ्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. तिचा चेहरा उजळत गेला आणि त्याचा गोंधळत गेला. माफी कोण मागणार, हे आता जवळजवळ ठरलंच होतं.

"माफी तोंडपाठ करून ठेवा," ती वरच्या बांधावरून म्हणाली. "हमाल वाट बघत असतील."

"तुम्ही समोर उभ्या राहणार असाल तर..." तो वर बघून म्हणाला, "मी दोनदा मागीन."

आणि वर बघत चालणाऱ्या माणसाचं जे होतं तेच झालं. गुळगुळीत बूट सटकला, आणि तपासनीस वहीसकट तीन ओळी खाली जाऊन एका झुडपात बसला.

घोटा सुजला होता. तिने त्याला खांद्याचा आधार देऊन घरापर्यंत आणलं. वाटेत ती त्याच्या बुटांना, कंपनीला आणि शहरांना शिव्या देत होती, आणि तो म्हणत होता, "हो... खरंय... अगदी खरंय..." इतका ऐकून घेणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. तेही चीड आणणारंच होतं.

आत्या दारातच होती. थोराड अंगाची, कमरेवर हात. तिने त्याला खुर्चीत बसवलं, मोजा खाली सरकवला, फडताळातून एक बाटली काढली आणि मोज्याची पर्वा न करता भसाभस तेल ओतून घोटा चोळायला घेतला.

"लागतंय का रे लेका?"

"नाही..." तो म्हणाला, आणि मध्येच थांबला. त्याने नाकाने खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा. "आत्या, हे तेल...?"

"आमच्याच भट्टीचं. तुझ्या कंपनीला नाही आवडलं, म्हणून काय पायाला वाईट आहे होय?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्याने आत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून मोजा वर ओढला. पुढ्यातला चहा तसाच राहिला.

"काही सापडलं?" फाटकापाशी तिने विचारलं.

"मी... विचार करतो."

एवढंच. लंगडत लंगडत तो गेला. वळून पाहिलंसुद्धा नाही.

*

मग आठ दिवस काही नाही. पत्र नाही, निरोप नाही.

ती कापत होती आणि चिडत होती. बांधावर चिडत होती, भट्टीशी चिडत होती, आणि एकदा तर आरशावर चिडली, कारण आरशासमोर ती दुसऱ्यांदा उभी होती. हरला म्हणून तोंड लपवलं असेल, असं ती आत्याला मोठ्याने सांगायची. आत्या त्यावर काहीच बोलायची नाही. एरवी बोलल्याशिवाय घास न गिळणारी बाई! पण आपल्या रागापुढे तिला ते दिसलंच नाही.

नवव्या दिवशी तिच्या विळ्याची मूठ तुटली.

एरवी भट्टीतलं काम ठरलेलं असायचं. प्रत्येक घाणा आत्या लावायची, तोवर ती वर कापणी करायची, आणि पुढची गाडी घेऊन खाली यायची तेव्हा आधीचा घाणा अर्धा उतरलेला असायचा. त्या दिवशी मूठ बदलायला ती तासभर आधीच खाली आली. भट्टीमागच्या खिडकीपाशी सात-आठ म्हाताऱ्या बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात बाटली. आत आत्या नळीखाली डबा धरून बसली होती, आणि डब्यात पहिली धार पडत होती. स्वच्छ, पातळ, डोळ्यांत पाणी आणणारी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती दारातच खिळली.

"आत्या!"

खिडकीतल्या बायका पाखरांसारख्या उडाल्या. ज्यांना जिना चढवत नव्हता त्यासुद्धा.

"किती दिवस?" तिचा आवाज चिरकला. "किती दिवस चाललंय हे?"

"ओरडू नकोस. तुझा बाप असतानाही काढायचे मी. एवढीशी बाटली, माझ्या गुडघ्यांसाठी. त्याला ठाऊक होतं."

"हा डबा आहे! बाटली नाही!"

"या वर्षी गल्लीतल्या सगळ्या गुडघ्यांना कळलं. मी काय करू?"

"दर घाण्याला?"

आत्याने डबा पदराआड सरकवला.

"आत्या, दर घाण्याला?"

"हो, दर घाण्याला!" आता आत्याही उठली. भाचीला राग कुठून आला होता हे कुणालाही कळलं असतं. "पहिली पाव तासाची धार. मग? माझ्या भावाच्या झाडांचं तेल. ते कुठल्या तरी साबणात जाणार आणि मोरीतून वाहून जाणार! आणि इथे माझ्या बरोबरीच्या बायका पायरी चढताना रडतात. कुणाच्या कामी यावं ते, सांग मला!"

"दोन पिंपं नापास झाली! मी त्या माणसाला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले! मला सांगायचं तरी होतंस!"

"तुला?" आत्या म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "तुला काय सांगायचं ग? तोंड उघडायच्या आत पेटतेस. पहिलं पिंप परत आलं तेव्हाच सांगणार होते. तू दारातून ओरडतच आलीस. मग राहिलं. मग दुसरं आलं. मग सांगायची भीतीच वाटली."

आत्याला भीती. गावातल्या कुत्र्यांपासून कंपनीच्या साहेबांपर्यंत कुणालाही न भ्यालेल्या आत्याला तिची भीती वाटली होती. ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. राग शोधला, तर तो आता आतल्या बाजूला वळला होता आणि तिलाच भाजत होता.

शेवटी ती म्हणाली, "खालच्या पट्ट्यातले दोन घाणे. दर हंगामात. पूर्ण तुझे, पहिल्या धारेपासून शेवटच्या थेंबापर्यंत. बाकीच्याला हात लावायचा नाही."

"तीन," आत्या नाक ओढत म्हणाली. "गल्ली मोठी आहे."

*

तिसरं पिंप तिने स्वतः भरलं. प्रत्येक घाण्याची पहिली धार पिंपात पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. ज्या सकाळी निघायचं त्या सकाळी तिने शिडी लावून वडिलांची पाटी उतरवली आणि गाडीत पिंपाशेजारी ठेवली. बोलले ते बोलले.

अंगणात तेच हमाल होते. आणि फाटकापाशी एका स्टुलावर, काठी टेकून, तो बसला होता.

ती गाडीतून उतरली. पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "खोट माझ्या भट्टीत होती! पहिली धार घरातच काढून घेतली जात होती. यांचा रिपोर्ट खरा होता. मी यांची माफी मागते!"

 तो काठीवर जोर देत उठला.

"मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला.

"...काय?"

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. तोच आलेख, तीच शिखरं, पण हलकी शिखरं इतकी उंच की कागदाच्या वरच्या कडेला टेकलेली. वर तारीख त्याच्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची. आणि खाली त्याच्या अक्षरात: 'नमुना: उजव्या पायाचा मोजा.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं! इतके दिवस ठाऊक होतं, आणि तुम्ही मूग गिळून बसलात? मी तिसरं पिंपही तसंच आणलं असतं तर? नाव गेलं असतं माझ्या वडिलांचं!"

"फाटकातच अडवलं असतं. त्या दिवसापासून रोज इथेच बसतोय."

"खरंय, बाई," एक हमाल मध्येच म्हणाला. "रोज लंगडत येतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. आम्हाला वाटलं, कामावरून काढला."

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? आत्यांनी पाय चोळला माझा. त्यांच्याविरुद्ध लिहायला हात उठेना. आणि मी सांगितलं असतं तर..." तो अडखळला. "तुम्ही त्यांच्यावर एवढ्या चिडला असता की घरात दोघींपैकी एकच राहिली असती. आणि माझं तोंड तर पुन्हा पाहिलंच नसतं."

तिला उत्तर द्यायचं होतं. सणसणीत द्यायचं होतं. पण तो म्हणाला ते शब्दाशब्दाने खरं होतं, आणि असं खरं तिला दहा दिवसांत दुसऱ्यांदा ऐकावं लागत होतं.

"घ्या हे पिंप," ती पिंपाकडे हात करत फणकारली. "तपासा आणि टाका एकदाचा निकाल."

"मी नाही तपासणार."

"काय?"

"नमुना मोठ्या बाईंकडे दिलाय. म्हणजे देतोय. मी तपासायला नकार लिहून दिलाय."

आता मात्र कडेलोट झाला. एवढी माफी मागून, पाटी उतरवून आणून, वर हा नकार! "मी काय अस्पृश्य... मी काय एवढी वाईट आहे, की माझ्या तेलाला हातसुद्धा लावायचा नाही? सरळ तोंडावर सांगा ना! घोटा सुजला म्हणून? बोलले म्हणून? लिहून दिलंय म्हणे! काय लिहून दिलंय ते तरी बघू!"

त्याने मान खाली घातली. कान मात्र लालबुंद झाले होते.

पिंप वर गेलं. ती प्रयोगशाळेच्या बाहेर येरझाऱ्या घालत राहिली, तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि दोघांमध्ये पाटी. तासाभराने दार उघडलं. मोठ्या बाई चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आल्या.

"पास," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली असं तेल बघून. पहिली धार आहे यात." मग त्यांनी त्याच्यासमोर तीन कागद नाचवले. "पण हा तुझा नकाराचा अर्ज असा चालणार नाही. रकाना नीट भरलेला नाही."

ठिणगीने ते कागद त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलेच. छापील अर्ज होता. 'तपासनिसाचे पुरवठादाराशी नाते असल्यास त्याने नमुना तपासू नये.' त्याखाली रकाना: 'नाते.' आणि रकान्यात त्याच्या बारीक, नेटक्या अक्षरात:

'अजून काही नाही. विचारायचं आहे. निःपक्षपाती राहिलेलो नाही.'

तिने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. जिन्यातून हमालांच्या कुजबुजीचा आवाज आला. मेले वरपर्यंत आले होते.

"नातं एकतर असतं, नाहीतर नसतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "'अजून' असा प्रकार आमच्याकडे नाही."

"विचारायचं होतं," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो रागाने कापतोय असं तिला स्वतःलाही पटत नव्हतं. "तर तोंड नव्हतं? अर्जात लिहायचं? माझ्या आधी सगळ्या कचेरीला कळवायचं?"

"भीती वाटली," तो म्हणाला.

"माझी?"

"नकाराची." तो थांबला. "...आणि थोडी तुमचीही."

"मी अंगणात ओरडून माफी मागितली. आता तूही तसंच विचार. यांना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने."

तिने 'तू' म्हटलं होतं. ते तिच्या लक्षात यायच्या आधी त्याच्या लक्षात आलं. त्याने काठी भिंतीला लावली, दुखऱ्या पायावर सरळ उभा राहिला आणि असा काही ओरडला की आतल्या टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या.

"माझ्याशी लग्न करशील का?"

"तराजू!" मोठ्या बाई किंचाळल्या.

जिन्यातून शिट्ट्या आल्या. तिने त्याच्या खिशातलं पेन ओढून काढलं, कागद पाटीच्या पाठीवर ठेवला, त्याचं ते भित्रं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली लिहिलं, 'होणारा नवरा.' इतक्या जोराने, की कागद फाटायचा राहिला.

"आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस ना..."

"मोजासुद्धा नाही," तो म्हणाला.

"तीन प्रती लागतात," मोठ्या बाईंनी बजावलं.

ठिणगीने तिन्ही प्रतींवर लिहिलं. राग दोनच प्रतींना पुरला.